घोड्याचं अलाइनमेंट

ओमानमधल्या सीबच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गॅरेजात नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोन लँडक्रूझर, एक पिकअप आणि एक घोडा असे चौघे रांगेत उभे होते. नंबर खरं तर पिकअपचा होता. पण पिकअपवाल्याने मोठ्या मनाने "पहले इसको देखो" म्हणून आपली पाळी सोडली आणि पुढे काय होतंय ते बघायला खुर्ची ओढून बसला.

जनार्दन तोडणकर गाडीखालून बाहेर आला तो घोड्याच्या गुडघ्यांसमोरच. चोवीस वर्षं तो या गॅरेजात व्हील अलाइनमेंट करत होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीचं स्टिअरिंग सोडून दिलं तरी ती नाकासमोर थेट पुढच्या बरका गावापर्यंत जाते, असं लोक म्हणत. करून कोणी पाहिलं नव्हतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, जगाचे हादरे काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या कमरेतली एक चकती सरकली होती. डॉक्टरांनी त्याला वजन आणि हादरे दोन्ही वर्ज्य केले होते. त्यामुळे अल हैलमधल्या घरापासून गॅरेजपर्यंत तो बुडाखाली उशी घेऊन प्रवास करी, आणि ती उशी वायरच्या पिशवीत अशी लपवून नेई की पिशवीत उशी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जनार्दन, ये घोडा खराब है," घोड्यामागून गॅरेजचा मालक नासेर प्रकटला. "तुम सीधा करो."

"अर्बाब, ये गाडी नहीं है."

"गाडी को चार टायर. इसको चार पैर. तुम्हारा काम है," नासेर म्हणाला. यापुढे वादाला जागा आहे असं त्याला वाटत नव्हतं.

घोडा नासेरला भेट मिळाला होता. त्याचा एक अमेरिकन इंजिनिअर मित्र देश सोडून निघाला आणि जाताना हा तपकिरी, लांब मानेचा प्राणी मैत्रीखातर देऊन गेला. कागदोपत्री त्याचं नाव 'संडे मॉर्निंग'. ओमानात रविवार हा आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस, आणि त्या दिवसाची सकाळ कोणालाच आवडत नाही. म्हणून नासेरने त्याचं नाव बदलून जुमा, म्हणजे शुक्रवार, ठेवलं. नाव सुधारलं, पण चाल सुधारेना. जुमा पावलागणिक मान हलवी. ज्या घोड्याचा पाय दुखतो तो मान हलवतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दुडकी चाल त्याला येत नसे. नासेरचे चुलत भाऊ त्याला पाहून हसत. गावच्या घोड्यांच्या सोहळ्यात दोन स्वार एकमेकांचे हात धरून जोडीने घोडे फेकतात, तिथे हा मानहलव्या कसा न्यायचा? सीमेपलीकडचा एक व्यापारी येऊन बघून गेला होता. त्याला तो पर्यटकांच्या गाडीला जुंपायला हवा होता.

"तिसरा जुमा तक टाइम," नासेरने जुमाच्या पाठीवर थाप मारली. "सीधा नहीं हुआ, तो खलास. व्यापारी ले जाएगा."

जनार्दनने "इन्शाल्ला" म्हटलं. चोवीस वर्षांत हा शब्द त्याने होकार म्हणून, नकार म्हणून आणि सुट्टीच्या अर्जाचं उत्तर म्हणून ऐकला होता. आज तो स्वतःच वापरायची वेळ आली.

त्याने सरळ नाही का म्हटलं नाही? तर त्याला कारण होतं. जनार्दनच्या लग्नात वरातीला घोडा ठरला होता. तो कोल्हापूरहून निघाला, आंबा घाटाच्या तोंडाशी आला, खाली एकदा डोकावला आणि परत फिरला. नवरदेवाची वरात अखेर बर्फाच्या टेम्पोतून निघाली, आणि लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाचं धोतर ओलं आहे. त्याची बायको प्रेमा अजूनही अडल्यावेळी म्हणे, "तुमचा घोडा घाटावरच राहिला हो." जनार्दन हसे. पण दुपारी गाडीखाली उताणा पडलेला असताना कधीकधी त्याला समोर चाकांऐवजी खूर दिसत, आपण कुठेतरी उंचावर बसलोय आणि खालून जमीन वाहत चालली आहे असं वाटे. आणि आता घोडा स्वतः चालत, रांगेत उभा राहून, त्याच्याकडे आला होता.

घरी पोचताच प्रेमाने चहा दिला. जनार्दनने तो संपवला आणि रिकामा कप दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवला. ही त्याची जुनी खोड. ओमानमध्ये पहिल्याच वर्षी नासेरच्या घरी त्याला कहवा, म्हणजे तिथली कॉफी, दिला, छोट्या बिनकानाच्या कपातून. कप रिकामा केला की पुन्हा भरला जाई. पाहुण्याने कप हलवला म्हणजे पुरे, नाही हलवला म्हणजे आणखी हवंय, हा तिथला रिवाज त्याला कोणी सांगितला नव्हता. यजमानाचा मान राखायचा म्हणून तो नऊ कप प्यायला. तेव्हापासून तो कोणताही कप संपला की ताबडतोब हलवी, मग तो चहाचा असो की खोकल्याच्या औषधाचा.

"घोडा दुरुस्त करायचाय," तो म्हणाला.

"आधी बाथरूमचा नळ करा," प्रेमा म्हणाली.

तासाभरात बातमी खाली गुलजारभाईंकडे पोचली. गुलजारभाई दाभोळचे, त्यांच्या मासळीच्या थंड गाड्या सगळ्या किनाऱ्यावर फिरत. माशाखेरीज सर्व विषयांवर ते छातीठोक बोलत. माशाबद्दल मात्र जपून, कारण त्यातलं त्यांना कळत होतं.

"जनुभाव, रोग मानेत हाय," ते म्हणाले. "मान बांधून टाक. मान थांबली की पाय आपोआप सुधारेल."

"काही नको बांधायला," त्यांच्या खुदेजाभाभी आतून म्हणाल्या. "नजर लागलीय त्याला. एवढी मोठी पापणी हाय, लागणारच."

प्रेमाने मात्र कपाटातून नारायण तेलाची बाटली काढली. ती दर महिन्याला चिपळूणहून येई आणि जनार्दनच्या कमरेला लागे. "तुमच्या कंबरेला उतार पडतो, तर त्याच्या पायाला का नाही? तो काय परका आहे?" असं म्हणून तिने बाटली त्याच्या हातात दिली.

जुमा राही तो नासेरच्या समुद्राकाठच्या बागेत. खजुरीची झाडं, सोळा शेळ्या आणि हा, अशा सगळ्यांना सांभाळायला श्रीवर्धनचे हुसैनमियाँ होते, साठी उलटलेले, दाढी पांढरी. जनार्दन रोज संध्याकाळी तिथे जाऊन जुमाच्या चारी पायांना तेल चोळू लागला. उरलेलं स्वतःच्या कमरेला. आठवड्याभरात दोघांना एकच वास येऊ लागला, आणि जुमाने काय समजायचं ते समजून घेतलं. जनार्दन फाटकातून आत आला की तो पाठोपाठ चालू लागे. जनार्दन थांबला की थांबे, आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पिशवीतल्या उशीचा वास घेई.

"तोडणकर, सोळा वर्सं या शेळ्यांना चारतोय मी," हुसैनमियाँ म्हणाले. "एक कधी पाठी आली नाय."

पण काम ते काम. जनार्दनने जुमाला ओल्या वाळूवरून चालवलं आणि दोरी, खडू, ओळंबा घेऊन पावलं मोजली. मोजली आणि मटकन खाली बसला. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडत होता, चांगला दीड वीत. मागची चाकं पुढच्या चाकांना ओव्हरटेक करताहेत असं वाहन त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने तीनदा मोजलं. जुमा मान हलवत उभा होता, जणू माप बरोबर आहे.

मग रीतसर वैद्यकीय मत घ्यायचं ठरलं. घोड्यांच्या दवाखान्याच्या खिडकीवर एक अतिशय सभ्य कारकून होता. त्याने घोड्याचा पासपोर्ट उघडला. घोड्याला पासपोर्ट असतो आणि त्यातला फोटो आपल्यापेक्षा बरा असतो, ही गोष्ट जनार्दनला जरा लागली.

"इथे चाल लिहिली आहे, रनिंग वॉक," कारकून म्हणाला. "पळतो की चालतो?"

"दोन्ही."

"फॉर्ममध्ये एकच खूण करायची आहे."

"पळायचं असेल तेव्हा चालतो," जनार्दनने समजावून पाहिलं.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बरं, आजार?"

"मान हलवतो."

"कोणाला बघून?"

"सगळ्यांना."

"मग चांगल्या घरचा आहे," असं म्हणून त्याने फॉर्मवर 'अपूर्ण' असा शिक्का मारला. आजाराच्या नावाशिवाय डॉक्टर बघणार नाहीत आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय आजाराला नाव नाही, या पेचात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच दया आली. त्यांनी जुमाचे चारी पाय दाबले, वाकवले, त्याला पळवून पाहिलं. काहीही दोष नव्हता. मात्र कागदावर सही करताना त्यांची नजर बाकावरून उठणाऱ्या जनार्दनवर गेली. घोडा ठणठणीत आहे, सोबत आलेल्या गृहस्थांनी कमरेचा एक्स-रे काढावा, असं त्यांनी सुचवलं.

राहिला तो गुलजारभाईंचा उपाय. दुसऱ्या शुक्रवारी मासळीच्या गाडीचा माल बांधायचा पट्टा आणून त्यांनी जुमाची मान छातीशी आवळली आणि त्याला बागेतून थेट आपल्या गल्लीपर्यंत चालवत न्यायचं ठरलं, म्हणजे लोक बघतील. गल्लीच्या मधोमध येऊन जुमा थांबला तो थांबलाच. मागे पाण्याचा टँकर आला. त्यामागे घरसामानाने भरलेला ट्रक. टँकरवाल्याने हॉर्न वाजवला. जुमाने एक कान त्या दिशेला वळवला आणि पुन्हा सरळ केला. प्रत्येक गॅलरीत माणसं आली, आणि प्रत्येक गॅलरीतून सल्ला. गूळ दाखवा. डोळे बांधा. मागून ढकला. पाऊण तास जनार्दन शाबास राजा, चल राजा म्हणत घामाघूम होत होता. चोवीस वर्षांत एवढी बघ्यांची गर्दी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती, आणि आली ती अशी. शेवटी प्रेमा खाली उतरली. कोणाला काही न विचारता तिने पट्टा सोडला. जुमाने मान एकदा वर, एकदा खाली केली आणि मान हलवत, मागची पावलं पुढे टाकत, टँकरच्या पुढे ऐटीत चालू लागला.

"मुक्या जिवाला गळफास लावून म्हणे दुरुस्ती," प्रेमा गुलजारभाईंच्या गॅलरीकडे बघून मोठ्याने म्हणाली. गुलजारभाई लगबगीने आत गेले, त्यांना कुठलासा फोन आला होता.

त्या दिवशी दहावीतली रेवा, जनार्दनची मुलगी, मोबाइल घेऊन बापाजवळ बसली. रेवाचं मराठी इंग्रजीच्या काठीने चाले.

"बाबा, ॲक्चुअली तो बिघडलेला नाहीये. ती ब्रीडच तशी आहे. टेनेसी वॉकिंग हॉर्स. मान हलवणं, मागचा पाय पुढे... दॅट्स द होल पॉइंट."

"पॉइंट म्हणजे?"

"म्हणजे त्याच्यावर बसलं ना, तर झटका नाही बसत. तिकडे मोठमोठ्या शेतांवर दिवसभर फिरायला त्यांनी असा घोडा केला. हे बघा."

मोबाइलमध्ये टोपीवाला एक जाडा गोरा माणूस घोड्यावरून भरधाव चालला होता. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. ग्लासातलं पाणी टेबलावर ठेवल्यासारखं स्वस्थ होतं. जनार्दनने ते सात वेळा पाहिलं. घोड्याकडे एकदाही पाहिलं नाही, ग्लासाकडेच पाहिलं. चोवीस वर्षं लोखंडाच्या गाड्यांत तो जे बसवू पाहत होता, ते देवाने आणि कुठल्याशा शेतकऱ्यांनी मिळून आधीच करून ठेवलं होतं. आणि ते दुरुस्त करायला तो दोन आठवडे राबला होता. त्याला स्वतःची लाजही वाटली, आणि आयुष्यात क्वचित होतो तसा आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो प्रेमाला घेऊन बागेत गेला. घोड्यावर चढणं हा एक स्वतंत्र अध्याय होता. आधी पाण्याच्या क्रेटवर, क्रेटवरून बागेतल्या पिकअपच्या बॉनेटवर, तिथून हुसैनमियाँचा खांदा, आणि मग डोळे मिटून, कुलदैवत आठवून, जुमाच्या पाठीवर. लगामाची लांब दोरी हुसैनमियाँनी हातात घेतली आणि आपल्या जुन्या सायकलवर टांग मारली.

पहिली दहा पावलं जनार्दनने झटक्याची वाट पाहिली. कमर आवळून, दात आवळून. झटका आला नाही. मग त्याने एक डोळा उघडला. समुद्र बाजूने सरकत होता. वाळू ओली होती, तिच्यात आभाळ पडलं होतं, आणि त्या आभाळातून जुमा टपटप चालला होता. पुढे त्याची मान होय होय करत होती. हुसैनमियाँ सायकलवर फासळ्यांपर्यंत हादरत होते, आणि जनार्दन मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखा जागच्या जागी तरंगत होता. कोळ्यांच्या होड्या गेल्या, फुटबॉल खेळणारी पोरं गेली. दूर एका बाईने हात हलवला. ती प्रेमा होती, पण त्या क्षणी ती त्याला सव्वीस वर्षांपूर्वीची दिसली. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. वाऱ्यामुळे आलं असं तो नंतर म्हणाला, पण वारा त्या दिवशी नव्हता.

परत आल्यावर प्रेमाने विचारलं, "दुखली का कंबर?"

"कुठली?" जनार्दन म्हणाला.

आता प्रश्न सरळ होता. घोडा सुधारला नाही तर व्यापारी नेणार आणि गाडीला जुंपणार. आणि घोडा सुधारणं म्हणजे तो बिघडवणं. तिसऱ्या शुक्रवारी दुपारनंतर बागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. नासेर होता, हसणारे तीन चुलत भाऊ होते, व्यापाऱ्याचा ट्रेलर फाटकाशी उभा होता. आणि खजुरीखाली खुर्चीत नासेरचे वडील हमूद बसले होते, ऐंशीचे, काठीवर हनुवटी टेकवून. त्यांच्या तरुणपणी किनाऱ्यावर त्यांच्यासारखा स्वार नव्हता असं म्हणत. अकरा वर्षांपूर्वी कंबर गेली आणि घोडा सुटला, त्यानंतर ते फारसे बोलतही नसत.

"हुआ सीधा?" नासेरने विचारलं.

"अर्बाब, ये पहले से सीधा है. हम लोग टेढ़ा देखता था," जनार्दन म्हणाला. भाऊ हसले. तो पुढे म्हणाला, "मेरेको कहवा दो. ऊपर."

क्रेट, बॉनेट, खांदा, कुलदैवत. वर बसल्यावर त्याच्या हातात काठोकाठ भरलेला कप दिला गेला. हुसैनमियाँ सायकलवर चढले. जुमा निघाला. खजुरीच्या झाडांना एक फेरी, दुसरी, तिसरी. हसू थांबलं. जुमा मान हलवत होता, पाय ओव्हरटेक करत होते, आणि कपातून एक थेंब सांडला नाही. व्यापारीसुद्धा जवळ आला. जनार्दन सतरंजीसमोर थांबला आणि विजयी मुद्रेने त्याने तो कहवा एका घोटात संपवला.

आणि इथे घात झाला. चोवीस वर्षांची सवय. कप रिकामा होताच त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने कप चांगला डावी-उजवीकडे हलवला.

"हिलता है! देखो, हिलता है!" तिन्ही भाऊ एकदम ओरडले. त्यांना निमित्तच हवं होतं.

"घोडा नहीं हिलता, मैं हिलाया!" जनार्दन वरून ओरडला. "कहवा पुरा... मतलब खलास... रिवाज है ना तुम्हारा!" पण आता कोणी ऐकेना. प्रत्येक जण कप हलवून दाखवू लागला. व्यापारी ट्रेलरचं दार उघडायला गेला. जनार्दन घोड्यावर बसून होता, उतरायला बॉनेट लांब होतं, आणि आपल्या सभ्यपणाने आपण या जनावराचा घात केला हे त्याला कळून चुकलं. त्याने वाकून जुमाच्या मानेला मिठी मारली. मानेला नारायण तेलाचा वास येत होता.

तेवढ्यात खुर्चीतून विचित्र आवाज आला. हमूद हसत होते. नासेर चपापून वळला, वडिलांचं हसू त्याने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याने काठीने जनार्दनकडे बोट केलं आणि अरबीत काहीतरी म्हटलं.

"क्या बोला?" जनार्दनने घाबरून विचारलं.

नासेर वडिलांकडेच बघत होता. "बोलता है, इस आदमी का बस हो गया. इसको उतारो. मेरा अभी बस नहीं हुआ."

सगळ्यांनी नको नको म्हटलं. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. पिकअप आणली गेली. जनार्दनने स्वतः बॉनेटवर आपली उशी अंथरली. क्रेट, बॉनेट, मुलगा आणि तीन पुतण्यांचे खांदे. ऐंशी वर्षांचा तो माणूस खोगिरावर बसला, आणि बसताच त्याची पाठ काठीशिवाय सरळ झाली. त्याने हुसैनमियाँकडे पाहून नकारार्थी मान हलवली. दोरी सोडली गेली. हातात भरला कप घेऊन हमूद फाटकातून बाहेर गेले, ट्रेलरच्या बाजूने, थेट पाण्याच्या काठाला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. सगळे फाटकात उभे. लांबवर एक पांढरी, पायघोळ झग्यासारखी दिशदाशा पाण्याच्या रेषेवरून वाहत जाताना दिसत होती. मग ती परत आली. हमूदनी रिकामा कप खाली धरला. नासेर स्वतः कहव्याचं भांडं घेऊन उभा होता. त्याने कपाकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. कप हलला नाही. नासेरने तो काठोकाठ भरला. म्हाताऱ्याने जुमाला पुन्हा समुद्राकडे वळवलं.

ट्रेलर रिकामाच गेला. निघताना हमूदनी जनार्दनला जवळ बोलावून, आपल्या आणि त्याच्या कमरेवर आळीपाळीने काठी टेकवत, काही सांगितलं. नासेरने त्याचा अर्थ सांगितला तो असा, की दर शुक्रवारी सकाळी घोडा वडिलांचा आणि संध्याकाळी जनार्दनचा, आणि तेल दोघांनाही लागेल.

घरी प्रेमा वाट पाहत होती. तिने चहा पुढे केला. जनार्दन तो सावकाश प्यायला. कप रिकामा झाला. सवयीने प्रेमा कप घ्यायला हात पुढे करून थांबली, तो हलण्याची वाट बघत.

जनार्दनने कप तसाच धरून ठेवला, सरळ, स्थिर.

"आज पुरे नाही झालं वाटतं?" प्रेमाने विचारलं.

"नाही," जनार्दन म्हणाला.

प्रेमाने पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.